ट्रॅक्टर व तोडणी यंत्रांतील संदेशवहनाचे बिघाड : मल्टिमीटरने निदान कसे करावे?



ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर डिझेल, हवा, बॅटरी आणि स्टार्टर या चार गोष्टी पाहाव्यात, हा आपल्याकडील जुना आणि चांगला परिपाठ आहे. परंतु आता मोठे ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्र, कंबाइन हार्वेस्टर आणि खोदकामाची यंत्रे यांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आहे. भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरना धूर-नियंत्रणाचे ट्रेम ४ हे निकष लागू झाले. रस्तेबांधणी व खोदकामाच्या चाकांच्या यंत्रांना तशाच स्वरूपाचे निकष एप्रिल २०२१ पासून लागू झाले. हे निकष पाळण्यासाठी डिझेल किती व केव्हा फवारायचे हे इंजिनावरील संगणक ठरवू लागला. साहजिकच बिघाडाचे एक नवे ठिकाण निर्माण झाले. ते म्हणजे यंत्रातील संगणकांचे एकमेकांशी असलेले संभाषण.

हे संभाषण तुटले की पॅनेलवर एकाच वेळी पाच-सहा दिवे लागतात आणि यंत्र जागच्या जागी उभे राहते. ऐन हंगामात तोडणी यंत्र थांबले तर वाहतुकीचे ट्रॅक्टर रिकामे उभे राहतात आणि कारखान्याची पाळी चुकते. तोडून पडलेल्या उसाचे वजन व साखर दर तासाला घटत जाते ते वेगळेच. अशा घाईत महागडा ईसीयू बदलला जातो आणि बिघाड मात्र तसाच राहतो. कारण पुष्कळदा दोष ईसीयूत नसून गंजलेल्या कनेक्टरमध्ये, ढिल्या अर्थिंगमध्ये किंवा उंदराने कुरतडलेल्या तारेत असतो. हा दोष साध्या मल्टिमीटरने कसा ओळखावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

यंत्रातील संदेशवहन म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक काट्यासाठी व प्रत्येक दिव्यासाठी स्वतंत्र तार असे. यंत्रांवरील सेन्सर वाढत गेले तशी तारांची जुडी जाड होत गेली. यावर उपाय म्हणून जर्मनीतील बॉश कंपनीने ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ ही पद्धत विकसित करून १९८६ मध्ये जाहीर केली. तिला थोडक्यात ‘कॅन’ म्हणतात. १९९३ मध्ये ती आयएसओ ११८९८ या आंतरराष्ट्रीय मानकात आली. मोटारींसाठी शोधलेली ही पद्धत पुढे जड वाहनांत ‘जे १९३९’ या मानकाने आणि ट्रॅक्टर व अवजारे यांच्यात आयएसओ ११७८३ या मानकाने रूढ झाली.

गावात दवंडी दिली की ती सर्वांना ऐकू येते, पण ज्याचे काम असेल तोच उठतो. कॅनचेही तसेच आहे. इंजिनाचा ईसीयू आपले फेरे, तापमान व तेलदाब दोन तारांवर सतत सांगत राहतो. गिअरचा ईसीयू त्यातून फेरे उचलतो आणि पॅनेल तापमान उचलते. हायड्रॉलिकचा ईसीयू त्याला हवे तेवढे घेतो. दोघे एकाच वेळी बोलू लागले तर अधिक महत्त्वाचा संदेश पुढे जातो आणि दुसरा थांबतो. अशा रीतीने दोन तारांवरून सेकंदाला अडीच लाख संकेत जाऊ शकतात.

यातील मुख्य मुद्दा असा, की तारा सर्वांच्या सामायिक आहेत. त्यामुळे एका ठिकाणचा दोष सर्वांना मुका करू शकतो. म्हणून पॅनेलवर सहा तक्रारी दिसल्या तरी सहा भाग बिघडले असे समजू नये.

दोन तारांचे गणित

जे १९३९ पद्धतीत या तारा बहुधा पिवळ्या व हिरव्या रंगाच्या असून त्या एकमेकींवर पीळ दिलेल्या असतात. पिवळीला ‘कॅन हाय’ आणि हिरवीला ‘कॅन लो’ म्हणतात. आपल्या यंत्रातील रंग पुस्तिकेतील आकृतीवरून खात्री करून घ्यावेत. संदेश नसताना दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेशाचा संकेत जाताना पिवळी ३.५ व्होल्टपर्यंत चढते आणि हिरवी १.५ व्होल्टपर्यंत उतरते. ईसीयू फक्त या दोहोंतील फरक वाचतो. अल्टरनेटर किंवा स्टार्टरमुळे येणारा विद्युत गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो, त्यामुळे फरक बदलत नाही. पीळ उसवला की हे संरक्षण कमी होते.

मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. त्यास टर्मिनेटर म्हणतात. विहिरीत आवाज दिला की प्रतिध्वनी येतो, तसा संकेत तारेच्या टोकावरून परतू नये म्हणून तो बसवतात. १२० ओहमचे दोन रोधक समांतर जोडले की मीटरवर ६० ओहम दिसतात. साठ हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढील निदान बरेचसे त्यावरच अवलंबून आहे.

बिघाडाची लक्षणे

१) एकमेकांशी संबंध नसलेल्या तक्रारी एकाच वेळी येणे. उदाहरणार्थ, गिअर, तेलदाब व हायड्रॉलिक यांचे दिवे एकदम लागणे.

२) पॅनेलवरील काटे अचानक शून्यावर जाऊन पुन्हा वर येणे.

३) इंजिन चालू असूनही पॅनेलवर फेरे न दिसणे.

४) इंजिनाची शक्ती आपोआप कमी होणे, गिअर न पडणे किंवा स्टार्टर न फिरणे.

५) खड्ड्यात, पावसात किंवा यंत्र तापल्यावर दोष येणे व नंतर नाहीसा होणे.

पॅनेलवरील दोषांक दोन भागांचा असतो. पहिला भाग (एसपीएन) दोष कशाचा आहे ते सांगतो आणि दुसरा भाग (एफएमआय) दोष कोणत्या प्रकारचा आहे ते सांगतो. दुसरा भाग ३, ४ किंवा ५ असेल आणि दोषांक एकाच सेन्सरचा असेल, तर त्या सेन्सरची तार किंवा तो सेन्सर आधी पाहावा. दुसरा भाग ९ किंवा १९ असेल तर संदेश वेळेवर येत नाही किंवा सदोष येतो असा अर्थ होतो. पहिला भाग ६३९ असेल तर तक्रार थेट जे १९३९ च्या तारांविषयी आहे. काही कंपन्या स्वतःचे वेगळे दोषांक वापरतात, त्यासाठी पुस्तिका पाहावी.

निदानापूर्वीची तयारी

दोषांक पुसून टाकण्याची घाई करू नये. सर्व दोषांक वहीत उतरवून घ्यावेत. कोणते भाग ‘बोलत नाहीत’ आणि कोणते बोलतात याची यादी करावी. गेल्या आठवड्यात यंत्रावर काय काम झाले तेही आठवावे. वेल्डिंग केले का, दाबाच्या पाण्याने धुतले का, जादा दिवे, टेप किंवा मागोवा घेणारे जीपीएस उपकरण बसवले का, दुसऱ्या बॅटरीवरून सुरू केले का? दोषाचे मूळ पुष्कळदा या उत्तरांत सापडते.

साहित्य फार लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर, बॅटरी टर्मिनल घासण्याचा ब्रश, कनेक्टर साफ करण्याचा फवारा, टॉर्च आणि यंत्राची पुस्तिका एवढे पुरे. बल्ब लावलेला टेस्टर कॅनच्या तारांना कधीही लावू नये. तो जास्त विद्युतप्रवाह ओढतो आणि त्यामुळे ईसीयू खराब होऊ शकतो. तारेचे आवरण सुईने टोचून मापही घेऊ नये. त्या छिद्रातून पाणी शिरते आणि पुढील पावसाळ्यात तेथेच गंज चढतो.

काम सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागी उभे करावे, हँडब्रेक ओढावा, उचललेले भाग जमिनीवर टेकवावेत आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवावी.

तपासणीच्या पायऱ्या

*पायरी १ : बॅटरी व अर्थिंग.* इंजिन बंद असताना चांगल्या भारित बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसावेत. स्टार्टर फिरताना ते १० व्होल्टच्या खाली जाऊ नयेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. यंत्र २४ व्होल्टचे असल्यास हे आकडे दुप्पट धरावेत. त्यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास अर्थची पट्टी ढिली किंवा गंजलेली आहे असे समजावे. ती सोडून दोन्ही बाजू घासून घट्ट बसवावी. कमी दाबावर ईसीयू मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि इतरांना तो गैरहजर वाटतो. म्हणून ही पायरी कधीही वगळू नये.

*पायरी २ : फ्यूज.* जो ईसीयू बोलत नाही त्याचा फ्यूज आधी पाहावा. फ्यूज नुसता डोळ्यांनी न पाहता त्याच्या दोन्ही बाजूंस व्होल्ट येतात का ते मोजावे. जळालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नये.

*पायरी ३ : डोळ्यांनी पाहणी.* सायलेन्सरजवळची, केबिनच्या बिजागराजवळची आणि हलणाऱ्या भागांवरून जाणारी वायरिंग बारकाईने पाहावी. धान्याचे दाणे व पाचट साचलेल्या जागी उंदरांनी आवरण कुरतडलेले आढळते. कनेक्टर उघडून हिरवा गंज, पाणी, वाकलेली किंवा मागे सरकलेली पिन आहे का ते तपासावे.

*पायरी ४ : रोध मोजणे.* चावी बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे. युरिया द्रावण वापरणाऱ्या इंजिनात द्रावण परत खेचण्याचे काम पूर्ण होऊ द्यावे. मग बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडावे. यंत्र चालू स्थितीत किंवा बॅटरी जोडलेली असताना ओहम मोजल्यास आकडा चुकीचा येतो. जे १९३९ पद्धतीच्या गोल नऊ पिनांच्या निदान कनेक्टरमध्ये ए ही पिन अर्थ, बी ही बॅटरीचे धन, सी ही कॅन हाय आणि डी ही कॅन लो असते. सी व डी यांमध्ये मीटर ओहमवर लावावा. निष्कर्ष पुढीलप्रमाणे काढावेत.

• सुमारे ६० ओहम : मुख्य तार व दोन्ही टर्मिनेटर ठीक.
• सुमारे १२० ओहम : एक टर्मिनेटर गायब किंवा मुख्य तार मध्येच तुटलेली.
• सुमारे ४० ओहम : तिसरा टर्मिनेटर जोडला गेला आहे. नंतर बसवलेले उपकरण तपासावे.
• शून्याच्या जवळ : दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.
• मीटर काहीच दाखवत नाही : निदान कनेक्टरकडे येणारी तार तुटली आहे किंवा दोन्ही टर्मिनेटर निखळले आहेत.

त्यानंतर सी व ए, तसेच डी व ए यांमध्येही रोध मोजावा. तो हजारो ओहम असावा. काही ओहमच आल्यास ती तार कोठे तरी सांगाड्याला घासून टेकली आहे.

*पायरी ५ : व्होल्ट मोजणे.* बॅटरी पुन्हा जोडून चावी चालू करावी, इंजिन सुरू करू नये. पिवळ्या तारेवर अर्थच्या तुलनेत २.५ ते ३ व्होल्ट आणि हिरवीवर २ ते २.५ व्होल्ट दिसावेत. दोहोंची बेरीज पाचच्या आसपास यावी आणि पिवळीचा आकडा हिरवीपेक्षा किंचित जास्त असावा. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून ३.५ व १.५ हे आकडे त्यावर दिसत नाहीत. एखादी तार १२ व्होल्टच्या जवळ असल्यास ती बॅटरीच्या धन तारेला चिकटली आहे. ती शून्यावर असल्यास अर्थला टेकली आहे. दोन्हींवर अगदी सारखा, न हलणारा आकडा दिसल्यास कोणीच बोलत नाही किंवा दोन्ही तारा एकमेकींत मिळाल्या आहेत.

*पायरी ६ : दोषाची जागा शोधणे.* तारा चिकटल्याचे आढळल्यास बॅटरी सोडलेली ठेवून, मीटर ओहमवर लावून, एकेक उपकरण कनेक्टरमधून काढावे. ज्याला काढताच आकडा सुधारतो ते उपकरण किंवा त्याची फांदी सदोष आहे. काही ईसीयूंच्या आतच टर्मिनेटर असतो. असा ईसीयू काढल्यावर १२० ओहम दिसणे हा दोष नव्हे. ये-जा करणाऱ्या दोषासाठी मीटर लावून ठेवावा आणि दुसऱ्या माणसाने वायरिंग हलक्या हाताने टप्प्याटप्प्याने हलवावी. जेथे आकडा उडी मारतो तेथे दोष आहे.

मोठ्या यंत्रांत अशा दोन-तीन स्वतंत्र जोड्या असू शकतात. आपण कोणती जोडी मोजत आहोत हे आकृतीवरून ठरवावे. ट्रॅक्टर व अवजार यांना जोडणाऱ्या आयएसओ ११७८३ च्या तारांवर विद्युतपुरवठ्यावर चालणारे टर्मिनेटर असतात. त्यामुळे बंद स्थितीतील साठ ओहमची कसोटी तेथे लावू नये.

एक उदाहरण

समजा, तोडणी यंत्राच्या पॅनेलवर इंजिनाचे फेरे दिसेनासे झाले आणि इंजिन व हायड्रॉलिक या दोन्ही ईसीयूंकडून संदेश येत नाही असे दोषांक आले. पॅनेल चालू आहे आणि बॅटरीचे सर्व आकडे ठीक आहेत. सी व डी यांमध्ये १२० ओहम येतात. म्हणजे एका टोकाचा टर्मिनेटर मीटरला दिसत नाही. आकृतीप्रमाणे एक टर्मिनेटर केबिनमध्ये व दुसरा इंजिनाजवळ आहे. इंजिनाजवळील टर्मिनेटर काढून स्वतंत्र मोजला तर तोही १२० ओहम भरतो. याचा अर्थ टर्मिनेटर चांगला असून केबिन व इंजिन यांमधील मुख्य तार तुटली आहे. इंजिन व हायड्रॉलिकचे ईसीयू तुटीच्या पलीकडे असल्याने पॅनेलला गैरहजर वाटतात. आता केबिनच्या तळाशी असलेला कनेक्टर उघडून पाहिला आणि एक पिन मागे सरकलेली आढळली, तर दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. हेच दोषांक पाहून दोन ईसीयू मागवले असते तर खर्च होऊनही यंत्र उभेच राहिले असते.

दुरुस्ती करताना

तारा नुसत्या पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळू नये. योग्य मापाचे क्रिंप जोड व उष्णतेने आकसणारी नळी वापरावी. दोन्ही तारांचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत कायम ठेवावा. पिवळी व हिरवी यांची अदलाबदल होऊ देऊ नये. नव्या उपकरणासाठी मुख्य तारेतून काढलेली फांदी एक मीटरपेक्षा लांब नसावी. तुटलेला टर्मिनेटर बदलताना १२० ओहमचाच बसवावा. दुरुस्तीनंतर पुन्हा साठ ओहमची खात्री करूनच दोषांक पुसावेत.

बिघाड टाळण्यासाठी

१) वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडावी आणि पुस्तिकेत सांगितलेले ईसीयूंचे कनेक्टर काढावेत. वेल्डिंगची अर्थ पकड वेल्डिंगच्या जागेजवळच लावावी.

२) इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नये. १२ व्होल्टच्या यंत्राला २४ व्होल्टचा झटका देऊ नये.

३) दाबाच्या पाण्याचा फवारा कनेक्टर, ईसीयू व फ्यूजपेटीवर मारू नये.

४) जादा दिवे, टेप किंवा जीपीएस यांचे कनेक्शन पिवळ्या-हिरव्या जोडीतून घेऊ नये. त्यासाठी फ्यूज असलेली स्वतंत्र तार घ्यावी.

५) हंगाम संपल्यावर पाचट, भुसा व दाणे झाडून यंत्र उंदरांपासून सुरक्षित जागी ठेवावे आणि महिन्यातून एकदा वायरिंग पाहावी.

तंत्रज्ञास केव्हा बोलवावे?

वरील सर्व आकडे बरोबर असूनही दोष कायम असेल, तर कंपनीच्या संगणकाने तपासणी करणे आवश्यक आहे. नवा ईसीयू बहुधा त्या यंत्रासाठी प्रोग्राम करावा लागतो, त्यामुळे बाजारातून आणून बसवला आणि चालला असे सहसा होत नाही. यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास वायरिंग कापू नये. मोजमाप घेऊन थांबावे. तंत्रज्ञास आपली वही दाखवावी आणि ईसीयू बदलण्याचा सल्ला मिळाल्यास तारांचा रोध व व्होल्ट किती आले ते विचारावे. हे आकडे, जुना दोषांक आणि बदललेला भाग यांची नोंद बिलावर घ्यावी व जुना भाग पाहण्यास मागावा.

शेवटी एक सूचना. यंत्र निरोगी असताना, हंगाम सुरू होण्यापूर्वीच, बॅटरीचे व्होल्ट, सी व डी यांमधील रोध आणि दोन्ही तारांचे व्होल्ट मोजून पुस्तिकेच्या मुखपृष्ठाच्या आत तारखेसह लिहून ठेवावेत. यास अर्धा तास पुरतो. यंत्र अडले त्या दिवशी नवे आकडे या आकड्यांशेजारी लिहावेत. जेथे फरक पडलेला दिसेल तेथूनच शोध सुरू करावा.